नानांनी दोनदा सांगितलेली यादी

मी भांडकुदळ आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना मान्य आहे, मलाही आहे. पहिली नोकरी मी भांडूनच मिळवली. वडील पंचवटीतल्या बाजारात फुलं विकायचे. हार न्यायला येणाऱ्या एका मुख्याध्यापकांकडे त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता, आणि शाळेत कारकुनाची जागा जवळजवळ ठरलीच होती. मी म्हटलं, कॉम्प्युटरचा कोर्स मी हजेरीपट सांभाळायला केलेला नाही. आठ दिवस घरात अबोला. शेवटी वडील म्हणाले, तुझ्या त्या कंपनीनं सहा महिन्यांनी कायम केलं तर तुझं खरं, नाहीतर गुपचूप शाळेत जायचं. मुख्याध्यापकही भले, त्यांनी तेवढे दिवस जागा थांबवून धरली.

कंपनी म्हणजे पंचवटीतच एका भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. दोन हजार सालानंतरची तीन-चार वर्षं उलटली असतील. आम्ही सात जण. मालक होते ते सर, आणि खरं काम ज्या चालवायच्या त्या मॅडम. मॅडम कमी बोलायच्या. त्यांच्या हातात कायम एक फूटपट्टी असे. स्क्रीनवर चूक दाखवायची तर त्या बोट लावत नसत, पट्टीचं टोक लावत. मला सुरुवातीला त्या पट्टीचा फार राग यायचा.

सगळे एकाच प्रोग्रामवर काम करायचो, म्हणून कोपऱ्यातल्या सर्व्हरवर कामाची एक सामाईक प्रत असे. प्रत्येकानं आपल्या मशीनवर तिची नक्कल घ्यायची, आपले बदल करायचे आणि झाले की ते सर्व्हरवर जमा करायचे. या जमा करण्याला कमिट म्हणायचं. कोणी काय बदललं, कधी बदललं, सगळं ते सॉफ्टवेअर लक्षात ठेवी. मेख एकच होती. त्याला आधीपासून माहीत असलेल्या फाइलींमधले बदलच ते उचलायचं. तुम्ही नवी फाइल तयार केलीत, तर तिचं नाव सांगून ती एकदा त्याच्या हवाली करावी लागे, की बाबा रे, हीपण आपली. तोवर कितीही वेळा कमिट करा, ती फाइल तुमच्या मशीनवरच राहणार. यादीत तिच्या नावाआधी फक्त एक प्रश्नचिन्ह दिसायचं.

त्या वर्षांत आमच्याकडे रोज साडेअकराला लाइट जायची ती दीडला यायची. बॅटरीवर मशीन दहा मिनिटं टिकायचं. त्यामुळे सव्वाअकराला सगळ्यांची कमिटची घाई. आणि नेमक्या त्या घाईत मॅडमचा नियम होता की प्रत्येकानं आपल्या स्क्रीनवरची प्रश्नचिन्हं मोठ्यानं वाचायची. एकेका फाइलचं नाव घ्यायचं आणि पुढे म्हणायचं ‘आपली’ किंवा ‘कचरा’. आपली असेल ती हवाली करायची, कचरा असेल तो तिथल्या तिथे पुसायचा. शाळेत पाढे म्हणावेत तसे सात जण एकामागून एक म्हणायचे. बाकीच्यांचं अर्ध्या मिनिटात उरकायचं. माझ्याकडे तीस-पस्तीस नावं असत, कारण मी लेबलांच्या चाचणीच्या प्रती टेक्स्ट फाइलींमध्ये काढून ठेवायची आणि पुसायची नाही. लेबल नवीन, लेबल नवीन दोन, लेबल खरं, लेबल एकदम खरं. शेजारचा एक सहकारी बोटांवर मोजायचा. मला हसू यायचं नाही, डोकं फिरायचं.

त्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय होती. अमक्या प्रकारच्या फाइलींबद्दल मला विचारू नकोस, असं त्याला लिहून देता येई. एके दिवशी मी लिहून दिलं की माझ्या लेबलांच्या फोल्डरातल्या कुठल्याच टेक्स्ट फाइलबद्दल विचारू नकोस, आणि तेही कमिट केलं. एक ओळ. तीस प्रश्नचिन्हं एका फटक्यात गायब. दुसऱ्या दिवशी सव्वाअकराला माझी पाळी आली तेव्हा मी खुर्चीला टेकून म्हटलं, माझ्याकडे काही नाही. मॅडमनी विचारलं, कचरा काढलास वाटतं? मी हो म्हणाले. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता, हे कबूल करते.

मी करत होते ते काम सायखेड्याजवळच्या एका द्राक्षांच्या पॅकहाउससाठी होतं. आसपासच्या गावांतली द्राक्षं तिथे यायची, निवडून खोक्यांत भरली जायची आणि कंटेनरनं परदेशी जायची. प्रत्येक खोक्यावर लेबल हवं, आणि माल कुणाच्या कोणत्या प्लॉटमधला हे लेबलवर हवं. उद्या तिकडे काही खोट निघाली तर इथे बागेपर्यंत माग काढता आला पाहिजे. आजवर ही लेबलं हातानं लिहीत. त्या हंगामापासून ती कॉम्प्युटरनं छापायची असं ठरलं होतं. तिथल्या मॅनेजरना कॉम्प्युटरचं काही कौतुक नव्हतं. सरांनी चार खेपा घालून त्यांना कसंबसं राजी केलं होतं.

गोम अशी, की माल कुणाचा हे कागदावरून कळत नसे. शेतकऱ्यांची प्लास्टिकची कॅरेट यायची ती रंगाच्या खुणांनी ओळखायची. कुणाचे दोन निळे ठिपके, कुणाची आडवी लाल रेघ, कुणाची तीच रेघ पण कोपऱ्यात. एकाच गावात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे तिघे असत, आणि त्यातल्या कोणाची खूण कोणती आणि कोणता प्लॉट कुणाचा हे सगळं एकाच माणसाच्या डोक्यात होतं. पॅकहाउसवर माल उतरवून घेणारे ते नाना. वय साठीकडे झुकलेलं, डोक्याला टोपी, खिशात दोन पेनं आणि वही एकही नाही.

नाना यादी सांगायला चार दिवस आमच्या ऑफिसात आले. सकाळी सायखेड्याहून एसटीनं निमाणीच्या बसस्टँडवर उतरायचे आणि चालत यायचे. खुर्चीवर मांडी घालून बसायचे, डोळे मिटायचे आणि मनातल्या मनात पॅकहाउसच्या फाटकातून बाहेर पडून रस्त्यानं चालायला लागायचे. डाव्या हाताला पहिला मळा अमक्याचा, त्याची खूण पिवळा चौकोन, प्लॉट दोन. त्याच्यापुढं विहीर, विहिरीच्या अंगाला त्याचा चुलतभाऊ. असं करत ते गावातून नदीवर यायचे, पूल ओलांडून चांदोरीकडे जायचे. मध्येच मी टायपिंगला मागे पडले, तर डोळे न उघडता म्हणायचे, थांबतो मी पुलावर.

दुपारी लाइट गेली की भाकरी सोडायचे, मलाही अर्धी द्यायचे. त्या वेळात त्यांनी माझी सगळी माहिती काढून घेतली. सहा महिन्यांची अट, वडील, शाळेची जागा. त्यातले साडेचार महिने झालेत, हेही मी सांगून टाकलं. सांगू नये ते सांगण्यात मी पटाईत आहे.

चौथ्या दिवशी पावणेदोनशे खुणा पुऱ्या झाल्या. प्रोग्राम सुरू होताना ही यादी वाचायचा, म्हणून मी ती त्याच फोल्डरात एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवली होती. त्या चारही दिवशी सव्वाअकराला मी कमिट केलं, आणि चारही दिवशी म्हटलं, माझ्याकडे काही नाही.

पंधरा दिवसांनी ऑफिसात नवी मशीन आली. जुनी पुसून विकायची होती. पुसायला आलेल्या माणसानं प्रत्येकाला विचारलं, सगळं सर्व्हरवर आहे ना? मला त्यानं दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा मी खेकसले, एकदा सांगितलं ना, सगळं कमिट आहे म्हणून.

दुसऱ्या दिवशी नव्या मशीनवर सर्व्हरवरून ताजी नक्कल घेतली आणि प्रोग्राम सुरू केला. यादीची फाइल सापडत नाही, असं उत्तर आलं. आधी वाटलं, जागा चुकली असेल. मग सर्व्हरवर शोधलं, मग बाकीच्या सहा मशीनवर शोधलं. इतरांना त्या यादीचं काम कधी पडलंच नव्हतं, त्यामुळे ती कुणाकडे असण्याचं कारणच नव्हतं. मग मला ती एक ओळ आठवली.

मॅडमजवळ जाऊन यादीचं आणि त्या ओळीचं सांगितलं. त्या माझ्या जागेवर आल्या, मला ती ओळ उघडायला लावली, पट्टीचं टोक तिच्याखाली धरून वाचली आणि पट्टी टेबलावर ठेवली. मला वाटलं आता बोलतील. त्या एवढंच म्हणाल्या, “सरांना तू सांगायचंस. मी शेजारी उभी राहते.” आणि खरंच सगळा वेळ शेजारी उभ्या राहिल्या. पुढे किती वरिष्ठ पाहिले, चुकीच्या वेळी शेजारी उभं राहणारं त्यांच्यासारखं कुणी भेटलं नाही.

सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, बारा दिवसांनी द्राक्षांची पहिली तोड आहे आणि त्या दिवशी लेबलं निघाली पाहिजेत. त्यांची यादी आपण हरवली हे मॅनेजरना कळलं, तर ते परत हातानं लिहायला लागतील. आणि हे काम हातचं गेलं, तर मला तुला ठेवता येणार नाही. त्यात रागाचा सूर नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मला वडिलांचा चेहरा दिसायला लागला. ते काही बोलले नसते, मुख्याध्यापकांना फक्त निरोप पाठवला असता.

नानांना फोन मलाच करायचा होता. कॉम्प्युटर बिघडला म्हणून सांग, असं शेजारच्या सहकाऱ्यानं सुचवलं. मी पॅकहाउसला फोन लावला, नानांना बोलावून घेतलं आणि म्हटलं, नाना, यादी गेली. त्यांनी विचारलं, सगळी? मी म्हटलं, सगळी. तिकडून कॅरेट आपटल्याचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, उद्या पहिल्या गाडीनं येतो. कशी गेली, हे विचारलंच नाही.

सकाळी ते आले, पाणी प्याले, खुर्चीवर मांडी घातली. त्यांनी डोळे मिटायच्या आत मी सगळं सांगून टाकलं. प्रश्नचिन्हांचं, माझ्या कंटाळ्याचं, त्या एका ओळीचं, दोनदा विचारणाऱ्या माणसाचं. त्यांना त्यातलं किती कळेल याची मला शंका होती. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हंजे तू त्याला सांगून ठेवलं, की मला इचारू नको?”

मी हो म्हटलं.

“मग ते तरी काय करील,” नाना म्हणाले, आणि डोळे मिटले.

या खेपेला त्यांनी उलट्या बाजूनं सुरुवात केली. म्हणाले, त्याच रस्त्यानं पुन्हा गेलं की पाय आपोआप पडत्यात, ध्यान राहत नाय. चांदोरीच्या पलीकडच्या टोकाला उभे राहिले आणि तिथून मळ्यामळ्यानं पॅकहाउसकडे यायला लागले. दोनच दिवस लागले. मॅडमनी त्या दोन दिवसांत माझं बाकीचं काम आपल्याकडे घेतलं. सव्वाअकरा वाजले की त्या पट्टी घेऊन माझ्यामागे येऊन उभ्या राहत. ती ओळ मी पहिल्याच सकाळी काढून टाकली होती, त्यामुळे स्क्रीनवर यादीची फाइल आली, नावाआधी प्रश्नचिन्ह घेऊन. मी मोठ्यानं वाचलं आणि म्हटलं, आपली. या वेळी कोणी हसलं नाही. मग ती मी हवाली केली आणि कमिट केलं. मॅडमनी दुसऱ्या मशीनवर ताजी नक्कल घेऊन ती फाइल तिथे उतरली का ते पाहिलं. तेव्हापासून आजपर्यंत मीही तसंच करते. आपल्या मशीनवर चालतं यावर माझा विश्वास राहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाना मनातल्या मनात पॅकहाउसच्या जवळ पोचले आणि एकदम थांबले. डोळे उघडले. फाटकातून आत शिरायच्या आधी त्यांना पॅकहाउसच्या पाठीमागचे दोन मळे दिसले होते. पहिल्या खेपेला ते फाटकातून निघून सरळ पुढे गेले होते, मागे वळून पाहिलंच नव्हतं. ते दोघे पहिल्या यादीत नव्हते. नानांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाले, रोज ज्यांच्या बांधाला बसून डबा खातो तेच राहिले की. आम्ही दोघंही हसलो. त्या आठवड्यातलं माझं ते पहिलं हसू.

पहिल्या तोडीच्या दिवशी सर, मॅडम आणि मी जीपनं सायखेड्याला गेलो. एका टेबलावर मशीन मांडलं, शेजारी छपाईयंत्र. कॅरेट यायला लागली. नाना खूण पाहून सांगत, मी ती निवडायची आणि लेबल बाहेर यायचं. पहिली पंचवीस-तीस लेबलं मॅनेजरनी एकेक करून नानांकडून तपासून घेतली. सगळी बरोबर. मग मात्र ते खुशीत आले. आमच्यासाठी चहा मागवला आणि सरांना म्हणाले, तुम्हा लोकांना आमच्यामुळे फुकटचा त्रास झाला.

सरांना काही उमगेना. मॅनेजर म्हणाले, आमच्या नानांनी मला येऊन सांगितलं ना. पहिली यादी चुकीची दिली म्हणाले, सगळी परत सांगायला लागली. बारा वर्षांत नाना पहिल्यांदा चुकले बघा. आता वय झालं, पुढच्या हंगामात त्यांच्या जोडीला कोणीतरी द्यावं म्हणतो.

नाना तिथेच होते. हातातल्या कॅरेटवरचा रंग अंगठ्यानं घासत होते, जणू तो त्यांना वाचता येत नव्हता. सर माझ्याकडे पाहत होते. गप्प राहा असं ते डोळ्यांनी सांगत होते की सांगत नव्हते, हे मला आजही ठरवता येत नाही. सगळं जुळून आलं होतं. लेबलं निघाली होती, काम टिकलं होतं, माझी नोकरी टिकली होती. फक्त बारा वर्षं खुणा ओळखणाऱ्या माणसाच्या मागे आता कुणीतरी तपासायला उभं राहणार होतं. आयुष्यभर मी नको तिथे तोंड उघडलं आहे, तेव्हा एकदा हवं तिथेही उघडावं असं वाटलं. मी म्हटलं, “साहेब, नानांची यादी बरोबर होती. ती माझ्या हातून गेली.”

आणि कशी गेली तेही सांगितलं. मॅनेजरनी नानांकडे पाहिलं. नाना म्हणाले, दोन नावं राहिली होती, ते खरंय. मग मॅनेजरनी छापून निघालेल्या लेबलांचा गठ्ठा उचलला, उलटसुलट पाहिला आणि सरांना विचारलं, आता ही यादी किती ठिकाणी आहे? सरांच्या आधी मॅडमनी उत्तर दिलं, तीन ठिकाणी, आणि चौथी प्रत मी छापून आणली आहे. त्यांनी पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवले. मॅनेजर म्हणाले, मग चालू द्या काम.

पुढच्या महिन्यात सरांनी मला कायम केल्याचं पत्र दिलं. ते वडिलांनी देवघरात ठेवलं आणि मुख्याध्यापकांना स्वतः जाऊन पेढे देऊन आले. नानांच्या जोडीला कोणी नेमलं नाही. ते पुढची सहा वर्षं त्याच फाटकात उभे राहून खुणा ओळखत होते, आणि दर हंगामाच्या आधी मी सायखेड्याला जाऊन त्यांच्याकडून यादी नवी करून घेत होते.

पण त्या दिवशी मी मॅनेजरसमोर बोलून बाहेर आले तेव्हा यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. मी नळावर तोंड धूत होते. मागून नाना आले. मला वाटलं, शाबासकी देतील. ते चांगलेच रागावलेले होते.

“कशाला सांगितलं?” ते म्हणाले. “माझ्यापाशी बारा वर्षं व्हती. मला येक चूक परवडत व्हती. तुझ्यापाशी सहा महिने बी पुरे नव्हते.”

मी ओल्या हातांनीच वाकून त्यांच्या पायांना हात लावला, तर ते दोन पावलं मागे सरकले आणि म्हणाले, चल आत, माल येऊन पडलाय.